दहा मिनिटांचे लोकसंगीत

‘लोकसंगीत’ हा शब्द, ज्यांचे ते संगीत आहे त्यांच्या तोंडी सहसा आढळत नाही. जात्यावर बसलेली स्त्री ओवी म्हणते, नवरात्रात मुली भोंडला खेळतात, लग्नानंतर घरात गोंधळ घातला जातो. माळव्यात पितृपक्षात संजा मांडली जाते, चैत्रात गणगौर येते, रात्री देवळाच्या ओट्यावर भजन बसते. प्रत्येक गाण्याला त्याच्या वेळेचे आणि प्रसंगाचे नाव असते. या सर्वांना मिळून एक नाव लागते, ते त्यांतून काही निवडून दुसरीकडे न्यायचे असते तेव्हा. माझ्या आयुष्यात हा शब्द प्रथम आला तो 1974 च्या पावसाळ्यात, इंदूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरून. लोकसंगीत वृंदासाठी गायक-वादक हवेत, इच्छुकांनी नावे द्यावीत, अशी ती सूचना होती. मी पेटी बऱ्यापैकी वाजवीत असे. नाव दिले, आणि पुढची तीन वर्षे त्या वृंदात घालवली.

अशा आठवणी अनेकांच्या संग्रही असतील. तालमीनंतरचा चहा, दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील प्रवास, स्पर्धेच्या दिवशी ऐन वेळी फाटलेले ढोलकचे पान, हे सर्व आमच्याही वाट्याला आले आणि त्यात आनंद होता. पण त्या आनंदाच्या आड एक प्रश्न राहून गेला होता. अलीकडे एका युवक महोत्सवात परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा योग आला आणि तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. त्या प्रश्नाच्या निमित्ताने या प्रकाराचे थोडे परीक्षण करावे, असे वाटले.

प्रथम या प्रकाराचा साचा कसा घडला ते पाहू. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या प्रांतांनी एकमेकांना पाहावे, ऐकावे, ही इच्छा प्रबळ होती. 1953 पासून गणराज्यदिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव होऊ लागला. 1954 मध्ये तालकटोरा बागेत पहिला आंतरविद्यापीठीय युवक महोत्सव भरला. ही कल्पना उदात्त होती आणि तिने पुष्कळ चांगले काम केले, याबद्दल शंका नाही. पण अनेक प्रांतांना एका संध्याकाळी एका रंगमंचावर आणायचे, तर प्रत्येकाला वेळ मोजून द्यावा लागतो. त्यातून लोकसंगीताचा एक नवा घाट तयार झाला. त्याला ठळक आरंभ असतो, मध्ये वाद्यांचे तुकडे असतात, शेवटी टाळ्या घेणारी समाप्ती असते आणि हे सर्व साधारण दहा मिनिटांत बसते. आजही विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंद हा स्वतंत्र स्पर्धाप्रकार आहे. भारतात लोकसंगीत असंख्य प्रकारचे असले, तरी महाविद्यालयीन लोकसंगीत मात्र काश्मीरपासून केरळपर्यंत बरेचसे एकाच आकाराचे ऐकू येते, त्याचे कारण या साच्यात आहे.

आमचा वृंद याच साच्यातला. एक पेटी, एक ढोलक, तबल्याची जोडी, बासरी, बेंजो, मंजिरे, घुंगरांची पट्टी आणि सहा गाणारी मुले-मुली. गाणाऱ्यांपैकी चौघे मराठी घरांतले, शास्त्रीय संगीताच्या एक-दोन परीक्षा दिलेले. ढोलक वाजवणारा मुलगा मात्र उज्जैनच्या बाजूच्या एका खेड्यातून शिकायला आलेला माळवी मुलगा होता आणि आम्हां सर्वांत खऱ्या अर्थाने लोकसंगीत अंगात असलेला तोच एकटा होता. त्याचे मत मात्र फारसे कोणी विचारीत नसे, कारण त्याला नोटेशन लिहिता येत नव्हते.

आमच्याकडे दोन गाणी ठरलेली असत: एक ‘माळवी’ आणि एक ‘महाराष्ट्रीय’. महाराष्ट्रीय म्हणून आम्ही तीन वर्षांपैकी दोन वर्षे कोळीगीत केले. आमच्यापैकी एकानेही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. होळकरांबरोबर आलेल्या घराण्यांची सात-आठव्या पिढीची ही मुले. त्यांची गाणी नर्मदेच्या आणि क्षिप्रेच्या काठची असायला हवी होती. पण रेडिओवर आणि तबकड्यांवर जे वाजत होते, त्यालाच आम्ही आपले लोकसंगीत समजलो. लुंगीसारखे रुमाल नेसलो, वल्ही मारण्याचा अभिनय केला, आणि टाळ्या मिळाल्या. तिसऱ्या वर्षी गोंधळ केला, तोही संबळाशिवाय. संबळ वाजवणारा गोंधळी आमच्याच एका मित्राच्या घरी कुळाचारासाठी येत असे. तरी त्याच्याकडे जावे असे कोणाला सुचले नाही. संबळाच्या दोन काठ्यांचा, त्यांतल्या एका वाकड्या टोकाचा तो खणखणीत आघात आम्ही तबल्या-डग्ग्यावर बोटांनी काढायचा प्रयत्न केला. आईची ओवी, आजीचा भोंडला हे तर कोणाच्या विचारातही आले नाही. ती गाणी फार साधी होती, आणि घरातली होती. दुरून आले म्हणजेच ते ‘लोक’, असा काहीसा आमचा समज असावा.

आता माळवी गाण्याविषयी, कारण या लेखाचा खरा विषय ते गाणे आहे.

आमच्या वाड्यात धुण्याभांड्यांसाठी एक माळवी बाई येत. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. वाड्याच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या मुली भाद्रपदी पौर्णिमेपासून संजा मांडीत. शेणाने रोज एक नवी आकृती काढायची, फुलांच्या पाकळ्यांनी आणि चमकीच्या कागदांनी ती सजवायची, संध्याकाळी तिच्यासमोर उभे राहून गाणी म्हणायची. चंद्र-सूर्य तर रोजचेच, आणि अखेरीस सगळ्या आकृत्या एकत्र करणारा किलाकोट. सर्वपित्री अमावास्येला मागच्या भिंतीवरची संजा उतरे, आणि लगेच नवरात्रात पुढच्या अंगणात पाटावर हत्ती मांडून आमच्या बहिणींचा भोंडला सुरू होई. एकाच वाड्यात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, कुमारिकांचे दोन खेळ पाठोपाठ होत. खानदेशातली गुलाबाई आणि विदर्भातली भुलाबाई याच कुळातल्या. ही बहीणजोडी इतकी उघड दिसत असूनही, मागच्या बाजूची गाणी पुढच्या बाजूला कधी आली नाहीत. त्या बाजूचे आमच्याकडे फक्त काम येत होते.

वृंदासाठी माळवी गाणे हवे म्हणून मी मावशींना विचारले. त्या प्रथम हसल्या, मग दोन संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बसून त्यांनी संजेचे एक गाणे मला म्हणून दाखवले. मी ते पेटीवर बसवून घेतले, शब्द वहीत उतरवले. महिनाभर तालीम झाली. विद्यापीठाच्या स्पर्धेत (इंदूर विद्यापीठाला देवी अहिल्येचे नाव मिळाले ते 1988 मध्ये) आम्हांला दुसरे पारितोषिक मिळाले. निवेदकाने सांगितले: ‘माळवी लोकगीत, पारंपरिक’. कार्यक्रम झाल्यावर मित्रमंडळी घरी आली आणि मोठ्या उत्साहाने आम्ही ते गाणे ओसरीवर पुन्हा सादर केले. मावशी भांडी बाजूला ठेवून दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. गाणे संपल्यावर त्यांनी छान झाले म्हणून सांगितले, आणि हे गाणे कुठले, असे मला विचारले.

त्या क्षणी आम्ही सगळे हसलो. मावशींना आपलेच गाणे ओळखता आले नाही, याची आम्हांला गंमत वाटली. ती गंमत नव्हती, तो अत्यंत नेमका अभिप्राय होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. त्यांच्या कानाला जे गाणे ओळखू आले नाही, त्यात नेमके काय हरवले होते, याचा आता विचार करता चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट स्वराची. ते गाणे चार-पाच स्वरांचे. त्यातला मावशींचा गंधार माझ्या पेटीत नव्हता. कोमल गंधाराची पट्टी दाबली तर तो खाली राही, शुद्ध दाबली तर वर जाई. शिवाय ओळीच्या पहिल्या वेळी तो एका जागी असे आणि परतताना किंचित दुसरीकडे. मी त्या वेळी ठरवले की बाई बेसूर आहेत, आणि शुद्ध गंधार कायम केला. बाराच्या बारा स्वर आधीच ठरवून ठेवणाऱ्या वाद्याने, ज्यांचा स्वर गळ्यात ठरतो त्यांना बेसूर ठरवले. पेटीच्या याच मर्यादेमुळे आकाशवाणीने 1940 पासून कित्येक वर्षे तिला बंदी केली होती. ती बंदी मला आजही अन्यायाची वाटते, कारण चांगला वादक पेटीच्या उणिवा झाकू शकतो. पण तेव्हा मी चांगला वादक नव्हतो आणि माझा विश्वास कानापेक्षा पट्टीवर अधिक होता.

दुसरी गोष्ट उच्चाराची, आणि ती आपल्यासाठी अधिक बोचणारी आहे. माळवीत ‘ळ’ आहे. राजस्थानीत आहे, गुजरातीत आहे, तसाच माळवीतही आहे. प्रमाण हिंदीत तो नाही. मावशींच्या गाण्यात तो जागोजागी येत होता. मी शब्द उतरवले ते हिंदीच्या सवयीने, म्हणून सगळीकडे ‘ल’ लिहिले. गाणाऱ्या मुलींनी तसेच म्हटले. ज्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘ळ’ आहे अशा मराठी मुलींनी, ज्या भाषेत ‘ळ’ आहे असे माळवी गाणे, ‘ळ’ वगळून गायिले. त्या गाण्यात आपल्याला आणि त्यांना जोडणारा एक वर्ण होता, आणि नेमका तोच आम्ही शुद्धलेखन म्हणून पुसून टाकला. ढोलकवाल्या मित्राच्या ते लक्षात आले होते, हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितले. तेव्हा तो का बोलला नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की तुम्ही सगळे इतके शिकलेले होतात, मला वाटले असेच म्हणत असतील.

तिसरी गोष्ट शेवटाची. संजेच्या गाण्याला शेवट नसतो. मुली एक नाव घेतात, मग दुसरे घेतात, कोणीतरी हसते, कोणाची तरी आई हाक मारते, आणि गाणे थांबते. भोंडल्याचेही तसेच, गाणी चढत्या क्रमाने वाढत जातात आणि खिरापत ओळखण्याच्या गोंधळात विरतात. आम्ही त्या गाण्याला द्रुत लय, बासरी-बेंजोचे सवालजबाब आणि शेवटी दणदणीत तिहाई दिली. तिहाई हा आपल्या अभिजात संगीतातला फार सुंदर हिशेब आहे; पण हिशेब ज्याला चुकता करायचा असतो त्यालाच तो लागतो. श्रोत्यांना ‘आता टाळ्या वाजवा’ असे सांगण्याची गरज संजेला कधी पडली नव्हती, कारण तिला श्रोतेच नव्हते. भिंतीसमोर उभ्या असलेल्या सगळ्याच गात होत्या.

चौथी गोष्ट निवडीची. मावशींनी मला दोन संध्याकाळींत आणखी काही ऐकवले होते. लग्नात व्याह्यांना दिल्या जाणाऱ्या गालीगीतांचा एक नमुना होता आणि एक निर्गुणी भजन होते. गालीगीत असभ्य म्हणून बाजूला पडले, भजन संथ म्हणून. जे गोड, जलद आणि निरुपद्रवी होते तेवढे आम्ही उचलले. माळव्याच्या खेड्यातल्या बाईला राग येतो, ती चेष्टा करते, मृत्यूचा विचार करते, यांतले काहीही आमच्या दहा मिनिटांत आले नाही. पारितोषिक देणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर जे आले ते सुबकच होते. लोकांमधला माणूस वजा केल्यावर उरणारे लोकसंगीत नेहमी सुबक असते.

या वृंदांनी काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. दुसऱ्याचा आवाज वर यावा म्हणून आपले वाद्य हलके करणे मी तेथेच शिकलो. एरवी एकमेकांच्या घरी न गेलेली मुले तालमीच्या निमित्ताने एकमेकांच्या स्वयंपाकघरात जेवली. ज्या घरांत मुलींनी रंगमंचावर गाणे अजून संकोचाचे होते, त्या घरांना ‘महाविद्यालयाचे गाणे’ म्हणून परवानगी देणे सोपे गेले. आणि कच्चे का होईना, माळवी गाणे आमच्या ओसरीवर आले ते वृंदामुळेच. वृंद नसता तर मी मावशींना कधीही काही विचारले नसते. म्हणून माझा आक्षेप वृंद असण्याला नाही. गाणे गाभ्यापासून शेवटापर्यंत बदलले आणि आम्ही होतो तसेच राहिलो, हा माझा आक्षेप आहे. भेट झाली म्हणायची तर दोघांनी थोडे तरी बदलायला हवे.

येथे कुमार गंधर्वांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते आपल्यासारखेच बाहेरून माळव्यात आलेले. जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाच्या आजारावर हवापालट म्हणून 1948 च्या आरंभी ते देवासला आले आणि काही वर्षे गाणे पूर्ण बंद ठेवून पडून राहिले. ज्याचे सर्वस्व गळा होता त्याला त्या काळात फक्त कान उरले होते. रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रियांची गाणी, जोगी-फकिरांची भजने त्यांनी त्या कानांनी ऐकली. पत्नी भानुमतीबाईंच्या साहाय्याने माळवी गीते मिळवली. पुढे ‘मालवा की लोकधुनें’ हा कार्यक्रम झाला, लोकधुनींतून उगवलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले, आणि 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांतल्या अनेकांना लिखित रूप मिळाले.

या कार्याविषयी आपल्या घरांत भक्तिभावाने बोलले जाते. तो भाव बाजूला ठेवून पाहिले, तरी आमच्या वृंदाच्या आणि कुमारांच्या वाटेतला फरक स्पष्ट दिसतो. दोघांनीही लोकधून मूळ जागेवरून उचलली. दोघांनीही ती रंगमंचावर नेली. पण आम्ही माहीत असलेल्या पट्ट्यांत धून बसवली. कुमारांनी धुनीत जे स्वरांचे लागणे होते, त्यासाठी स्वतःच्या रागविचारात जागा केली. चार स्वरांची धून अपुरी आहे म्हणून तिच्यात भर घालावी, असे त्यांना वाटले नाही. चार स्वरांत एवढे कसे मावते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या शिक्षणाला विचारला. निर्गुणी भजन गाताना त्यांचा आवाज मोकळा फेकला जातो, मध्येच तुटतो, तुटलेल्या जागी शांतता राहते आणि ती ते भरून काढीत नाहीत. बालपणापासून नावाजलेल्या गवयाने चाळिशीच्या आसपास आपले गाणे असे बदलू द्यावे, ही मोठी गोष्ट आहे. ऐकणाऱ्याने गाण्याला बदलण्याऐवजी गाण्याने ऐकणाऱ्याला बदलले.

तरीही एक प्रश्न कुमारांच्या वाटेवरही उरतो. ज्यांच्या गळ्यांतून त्या धुनी आल्या, त्या स्त्रिया सभागृहात आल्या नाहीत. धून राग झाली, रागाला नाव मिळाले, धून गाणारी निनावीच राहिली. हा दोष एका कलावंताच्या माथी मारणे योग्य नव्हे. त्या काळाची मांडणीच तशी होती आणि त्यांनी आपला आधार कधी लपवला नाही. पण पुढची पायरी कोणती, हे देवासमध्येच नंतर दिसले. 1990 च्या दशकात तेथे एकलव्य या संस्थेच्या पुढाकाराने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालला. गावोगावच्या भजनमंडळ्या ठरावीक रात्री एकत्र येत, एकमेकांची भजने ऐकत आणि त्यांच्या अर्थावर आपसांत वाद घालत. तेथे स्पर्धा नव्हती, घड्याळ नव्हते आणि परीक्षक तर नव्हताच. याच माळव्यातले, उज्जैनजवळच्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया कबीर गात गात देशापरदेशांत पोचले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातात तंबुरा असतो, पण साथीला पेटी आणि व्हायोलिनही असते. ध्वनिक्षेपक तर असतोच. म्हणजे वाद्य बाहेरचे आले किंवा रंगमंच आला, म्हणून गाणे मरते असे नाही. काय घ्यावे, काय टाकावे, कुठे थांबावे, हे ज्याचे गाणे तोच ठरवतो आहे की नाही, एवढेच पाहावे लागते. ‘अस्सल’ आणि ‘भेसळ’ या शब्दांपेक्षा ही कसोटी मला अधिक उपयोगाची वाटते.

आपल्या गोमंतकीय वाचकांना ही कसोटी सहज पटेल. गोव्यात घुमटाचे रूपच काळाने बदलले. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यावर ते बकऱ्याच्या कातड्याने मढवले जाऊ लागले. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घुमट आरत्यांच्या स्पर्धा तेथे होतात आणि त्यांतही वेळेची मर्यादा असते, चुरस असते. पण चतुर्थी आली की घुमट, शामेळ आणि कांसाळें पुन्हा घरच्या गणपतीसमोर येतात, आणि मराठी आरती तेथे कोणाच्याही घड्याळाप्रमाणे म्हटली जात नाही. स्पर्धेतून गाण्याला परत जायला घर आहे. आमच्या संजेच्या गाण्याला आम्ही परतीचा रस्ता ठेवला नव्हता; स्पर्धा संपली आणि आमच्यापुरते ते गाणेही संपले.

हा विषय संगीतापुरता असता तर तो एवढ्यावर थांबवता आला असता. पण या पत्रिकेचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या घरांतले आहेत. आपण जेथे गेलो तेथे आपली भाषा टिकवली, वाचनालये काढली, गणेशोत्सव केले, नाटके बसवली. त्याचा सार्थ अभिमान आपण बाळगतो. ज्या प्रदेशाने आपल्याला ठेवून घेतले, त्याच्याकडून आपण काय घेतले, याचा हिशेब मात्र फारसा मांडत नाही. इंदूरच्या मराठीने बाजारातली हिंदी भरपूर घेतली. माळवी मात्र कामवाल्यांची, भाजीवाल्यांची आणि रेडिओवरच्या नंदाजी-भेराजींची भाषा म्हणून आपण कौतुकाने ऐकली आणि तेथेच सोडली. बेळगावकडच्या घरांनी कानडी गाण्याशी, वडोद्याकडच्यांनी गरब्याशी, हैदराबादकडच्यांनी तेलुगू आणि दखनी गाण्याशी काय नाते ठेवले, हे त्यांनीच सांगावे. आपली भाषा टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजारच्या भाषेतला ‘ळ’ पुसू नये, एवढे तरी मला त्या गाण्याने शिकवले.

परीक्षक म्हणून ज्या स्पर्धेला गेलो होतो, तेथे मुलांची तयारी आमच्या पिढीपेक्षा किती तरी वरची होती. लय पक्की, वाद्ये सुरात, एकमेकांकडे न पाहता बदल घेण्याची सफाई. साचा मात्र तोच होता, आणि तिहाईसुद्धा तीच. माझ्यासमोरच्या गुणपत्रिकेत स्वर, ताल, वेशभूषा आणि एकूण परिणाम यांसाठी रकाने होते. हे गाणे कोणाकडून घेतले, यासाठी रकाना नव्हता. मी संघांना तोंडी विचारले. बहुतेकांनी मोबाइलवर ऐकल्याचे सांगितले. एका संघातल्या मुलीने आपल्या गावातल्या एका आजींचे नाव, गावासकट, न अडखळता सांगितले. तिच्या संघाचे वादन सर्वांत चांगले नव्हते आणि नियमाप्रमाणे मला त्यांना पहिला क्रमांक देता आला नाही. आयोजकांना मात्र मी लेखी सुचवले आहे की गाणे देणाऱ्याचे नाव निवेदनात यावे, शक्य असेल तर त्या व्यक्तीला प्रयोगाला बोलवावे, आणि दहापैकी दोन मिनिटे ते गाणे पेटीशिवाय, मूळ चालीत आणि मूळ लयीत म्हटले जावे. असे केल्याने स्पर्धा बिघडणार नाही, आणि ‘पारंपरिक’ या शब्दाआड लपलेली माणसे तरी दिसतील.

हे सुचवण्याचा अधिकार मला नाही, याची जाणीव आहे. त्या मुलीला जे सांगता आले ते मला सांगता येत नाही. आमच्या मावशी जाऊन खूप वर्षे झाली. आमच्या दुसऱ्या पारितोषिकाचे प्रमाणपत्र घरात आहे, त्यावर वृंदातल्या बाराही जणांची नावे आहेत. मावशींचे नाव त्यावर नाही, आणि इतकी वर्षे ज्यांच्या हातचे पाणी प्यायलो त्यांचे पूर्ण नाव मला ठाऊकही नाही. घरात ते विचारण्याची पद्धत नव्हती.

म्हणून वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरात कोणाला एखादे गाणे येत असेल, मग ते मराठी असो, माळवी असो, कोंकणी असो की कानडी, तर ते या पत्रिकेकडे लिहून पाठवावे. शब्द ऐकू आले तसेच लिहावेत, शुद्ध करू नयेत. शक्य असेल तर आवाज मुद्रित करावा, आणि सोबत पेटी धरू नये. आणि गाण्याच्या वर, सर्वांत आधी, ते कोणी म्हटले त्यांचे नाव आणि गाव लिहावे.